जुन्या तेलाची साक्ष

फोडणीसाठी तापविलेल्या तेलात पाण्याचा एखादा थेंब पडला की ते कसे तडतडते, हे आपल्या घरांतील लहान मुलांनाही ठाऊक असते. एवढ्याशा ज्ञानाच्या बळावर २०२३ च्या दिवाळीत आम्ही एक ट्रॅक्टर भंगारात जाता जाता वाचविला. ही हकीगत लिहावी की न लिहावी, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. कारण तीत पराक्रम काहीच नाही आणि दोष मात्र सर्वस्वी आमचा आहे. परंतु माळव्यात काय, गुजराथेत काय किंवा बेळगावकडे काय, ज्या मराठी कुटुंबांची थोडीबहुत शेती अजून टिकून आहे, त्यांच्या गोठ्यालगतच्या छपरात वडिलांच्या वेळचे असे एखादे यंत्र बहुधा उभे असतेच. त्या घरांना आमची चूक उपयोगी पडेल, या आशेने हा लेख लिहिला आहे.

शाजापूरकडे आमची संत्र्यांची बाग आहे. कलमे नागपुरी जातीची, लावणी जुन्या पद्धतीची, म्हणजे दोन झाडांत सुमारे सहा मीटर अंतर. झाडे भरात आली की या सहा मीटरांतली मोकळी वाट निम्म्याहूनही कमी उरते. शिवाय संत्र्याची अन्न शोषणारी बारीक मुळे जमिनीच्या वरच्या थरातच पसरलेली असतात. मोठा, वजनदार ट्रॅक्टर आत घातला तर वर फांद्या मोडतात आणि खाली काळी माती चेपून मुळांचा श्वास कोंडतो. म्हणून बागेला लागतो तो लहान चणीचा, हलका ट्रॅक्टर. आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, तो १९७४ साली घेतला : एच. एम. टी. चा, पंचवीस अश्वशक्तीचा, दोन सिलिंडरांचा.

एच. एम. टी. ही तीन अक्षरे पुष्कळ वाचकांना घड्याळामुळे परिचित असतील. ‘हिंदुस्थान मशीन टूल्स’ हा सरकारी कारखाना १९५३ साली बंगळूरला स्थापन झाला. १९६१ साली जपानच्या ‘सिटिझन’ कंपनीच्या सहकार्याने तेथे मनगटी घड्याळे होऊ लागली आणि १९७१ साली हरियाणातील पिंजोर येथे ट्रॅक्टर होऊ लागले. ट्रॅक्टरांचा मूळ आराखडा चेकोस्लोव्हाकियातील ब्रनो शहरच्या ‘झेटर’चा. दादांच्या मनगटावर आणि त्यांच्या ट्रॅक्टरच्या बोनेटवर एकच नाव होते, याचे त्यांना मोठे कौतुक असे. २०१६ साली सरकारने घड्याळांचा आणि ट्रॅक्टरांचा असे दोन्ही कारखाने बंद करण्याचा निर्णय घेतला. तेव्हापासून अशी यंत्रे ज्यांच्या घरी आहेत, त्यांना कारखान्याचा आधार उरलेला नाही. यंत्र चालवायचे तर त्याची निगा घरच्या माणसांनीच शिकून घेतली पाहिजे.

ती आम्ही शिकलो नाही. दादा गेले, आम्ही नोकरीनिमित्त इंदूरला, आणि बाग पाहणारा गडी डिझेल भरून ट्रॅक्टर चालवीत राहिला. इंजिनातले तेल आम्ही वेळच्या वेळी बदलीत होतो. ते काळे पडते, कमी होते, म्हणून त्याची आठवण राहते. परंतु गिअरबॉक्स, म्हणजे आसनाखालची ती दातेरी चाकांची बंद पेटी, तिच्यातही तेल असते आणि तेही बदलावे लागते, याचा आम्हाला विसर पडला. ते तेल जळत नाही, धूर देत नाही, सहसा कमीही होत नाही. जे कमी होत नाही ते बिघडतही नाही, असा आपला एक सोयीस्कर समज असतो.

२०२३ चा पावसाळा सरला आणि पेटीतून घरघर ऐकू येऊ लागली. दुसरा गिअर पडताना दांडा हाताला झटका देई. तालुक्याच्या गावी एका कारागिराने पेटी न उघडताच, नुसता आवाज ऐकून, ‘पेटी गेली’ असे निदान केले. जुन्या पेटीची चाके आता मिळायची नाहीत, तेव्हा विकून मोकळे व्हा, असा सल्लाही दिला. भंगारवाला येऊन वजनाचा भाव सांगून गेला. व्यवहार जवळजवळ ठरला होता. एवढ्यात दादांच्या वेळचे एक वृद्ध मिस्त्री सहज म्हणून बागेत आले. त्यांनी ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली आणि एकच प्रश्न विचारला, ‘भाऊसाहेब, गियर का तेल कब बदला था?’

आम्हाला उत्तर देता येईना. शेवटी माळ्यावरून दादांच्या दैनंदिन्यांचा गठ्ठा काढला. दादांची सवय अशी, की संत्र्याला दिलेल्या पाण्याच्या पाळ्यांबरोबर ट्रॅक्टरच्या तेलाची नोंदही ते त्याच वहीत करीत. तारीख, चाललेले तास, तेलाचा नंबर, किती लिटर निघाले, किती घातले. अशी शेवटची नोंद २००९ च्या मे महिन्यातली निघाली. तिच्यानंतर पंधरा पावसाळे होऊन गेले होते.

मिस्त्री म्हणाले, विकायचे असेल तर उद्या विका. आज निदान आतले तेल काढून पाहू. त्या दिवशी त्यांनी आम्हाला जे शिकविले, ते क्रमवार सांगतो.

आधी हे तेल पेटीत काय करते ते समजून घ्यावे. बैलगाडीच्या आसाला वंगण घालताना आपण पाहिले आहे. चाकाचे लोखंड आसाच्या लोखंडावर घासू नये म्हणून मध्ये तेलाचा पडदा ठेवायचा, एवढेच ते तत्त्व. पूर्वी त्यासाठी एरंडेल वापरीत. एरंडाच्या तेलाचे इंग्रजी नाव ‘कॅस्टर’. त्यावरूनच १९०९ साली ‘कॅस्ट्रॉल’ हे वंगणाचे प्रसिद्ध नाव पडले. गिअरबॉक्समध्ये मात्र प्रसंग आसापेक्षा कठीण असतो. दोन चाकांचे दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, तर घसरतातही. आणि एका वेळी दोन-तीन दातांच्या अरुंद रेघेवर साऱ्या नांगराचा भार येतो. तेथे साध्या तेलाचा पडदा पिळून बाहेर फेकला जातो. म्हणून गिअरच्या तेलात गंधक आणि स्फुरद यांची संयुगे मिसळलेली असतात. दाब आणि उष्णता वाढली की ती दाताच्या पोलादाशी संयोग पावून एक अतिशय पातळ थर तयार करतात. तो थर झिजतो आणि दात वाचतो. हा थर पुनःपुन्हा झिजतो व पुनःपुन्हा तयार होतो. आणि होता होता तेलातील ती संयुगे संपत जातात. तेल दिसायला तेवढेच असते, पण त्यातला कस गेलेला असतो. याशिवाय झिजेचा बारीक चुरा त्यात साठत जातो आणि हवेतली ओल शिरते ती वेगळीच.

पुष्कळ जुन्या ट्रॅक्टरांच्या पुस्तिकांत हे तेल दर एक हजार तासांनी बदलावे, असे लिहिलेले असते. पण लहान बागेतला ट्रॅक्टर वर्षाकाठी दीडशे तासही चालत नाही. म्हणजे हजार तास भरायला सहा-सात वर्षे लागायची. तेवढ्यात तितकेच पावसाळे पेटीवरून जातात. जे यंत्र कमी चालते त्याच्या पेटीत ओल अधिक साठते, कारण ती उडून जाण्याइतके तेल तापतच नाही. तेव्हा थोडे चालणाऱ्या यंत्राने तासांच्या हिशेबावर विसंबू नये. वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर, तेल निदान काढून पाहावे आणि दोन-तीन वर्षांनी ते बदलावेच, असा मिस्त्रींचा नियम आहे. आम्ही तो आता पाळतो.

आता प्रत्यक्ष काम. ट्रॅक्टर प्रथम पंधरावीस मिनिटे हळू चालवून आणावा. थंड तेल काकवीसारखे घट्ट असते. ते सावकाश निघते आणि तळाचा गाळ तळालाच राहतो. कोमट तेल गाळ घेऊन बाहेर येते. मग ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा, ब्रेक लावावा, चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत, इंजिन बंद करून किल्ली खिशात घालावी. नुसत्या जॅकवर तोललेल्या यंत्राखाली कोणीही, क्षणभरही, जाऊ नये. धोतराचा सोगा, साडीचा पदर, लोंबती बाही यांना या कामात जागा नाही आणि मुलांना तर नाहीच नाही.

यानंतर जी गोष्ट मिस्त्रींनी केली, ती आमच्या कधीच ध्यानात आली नसती. तळाचे बूच उघडण्याआधी त्यांनी तेल भरण्याचे वरचे बूच सैल करून पाहिले. आम्ही कारण विचारले. ते म्हणाले, खालचे बूच उघडून सारे तेल काढून टाकले आणि मग वरचे गंजून बसलेले बूच निघालेच नाही, तर रिकाम्या पेटीचा ट्रॅक्टर जागच्या जागी अडकून पडतो. म्हणून भरण्याची वाट आधी मोकळी करावी आणि मगच रिकामी करण्याची. आमचे वरचे बूच खरोखरच घट्ट बसले होते. गंज सोडविणारे तेल टाकून तासभर थांबावे लागले, तेव्हा कुठे ते हलले.

बुचाभोवतीची माती तारेच्या ब्रशाने खरवडून, फडक्याने पुसून घ्यावी. नाही तर तीच माती पेटीत जाते. खाली रुंद तोंडाचे, खुणा केलेले भांडे ठेवावे. कित्येक ट्रॅक्टरांना गिअरबॉक्सखाली एक आणि मागच्या पेटीखाली एक अशी दोन किंवा अधिक बुचे असतात. पुस्तिका पाहून सर्व उघडावीत. एखादे राहिले तर जुने तेल मागे उरते आणि नव्याला बिघडविते.

आमच्या पेटीचे बूच निघाले तेव्हा प्रथम तेल आलेच नाही. आले ते पाणी; तांबूस, गंजाच्या रंगाचे. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून ते तळाला बसलेले होते. त्यामागून जे आले त्याला तेल म्हणणे कठीण होते. दूध अधिक पडलेल्या चहासारखा त्याचा रंग होता. मिस्त्रींनी काही न बोलता आम्हाला भांड्यावरची खूण दाखविली. पुस्तिकेत दिलेल्या मापापेक्षा सुमारे दोन लिटर अधिक द्रव बाहेर आला होता. पेटीतले तेल आपोआप वाढत नाही. वाढले, याचा अर्थ बाहेरचे काहीतरी आत आले. म्हणूनच निघालेले तेल मोजावे, असा दादांच्या वहीतला तो रकाना होता. कमी निघाले तर गळती शोधावी, अधिक निघाले तर वाट शोधावी.

येथे फोडणीचे ज्ञान कामी आले. दुधी रंग पाण्यानेच आला आहे, याची खात्री करायची होती. उघड्यावर, चेहरा दूर ठेवून, तापलेल्या लोखंडी पत्र्यावर त्या तेलाचा फक्त एक थेंब टाकला. तो फोडणीसारखा तडतडला. निव्वळ तेलाचा थेंब नुसता पसरून धुमसतो; तडतडतो तो पाण्यामुळे. ज्यांना हे धाडसाचे वाटेल त्यांनी थोडे तेल काचेच्या बरणीत घालून रात्रभर स्थिर ठेवावे. मोकळे पाणी सकाळी तळाशी वेगळे दिसते. मात्र जे पाणी तेलात पूर्ण घुसळले गेले आहे ते असे सहजी वेगळे होत नाही. ताकातले लोणी निघते तसे ते निघत नाही. म्हणून बरणी स्वच्छ दिसली नि तेल दुधीच राहिले, तरी ते टाकून द्यावे.

मग मिस्त्रींनी बूच हातात घेतले. त्याच्या टोकाला लोहचुंबक होते. त्यावर राखाडी रंगाचा, मऊ मलमासारखा थर चढला होता. तो त्यांनी अंगठा आणि तर्जनी यांमध्ये चोळला. हाताला खरखर लागली नाही, तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. हे मलम म्हणजे रोजच्या झिजेचे पीठ. प्रत्येक पेटीत ते निघतेच. भिण्याचे कारण असते ते नखाला अडकणारी चकती, सुईसारखी कपची किंवा दाताचा ओळखू येईल असा तुकडा निघाला तर. तेल गाळूनही पाहावे, कारण पितळ आणि कासे यांचे कण चुंबकाला चिकटत नाहीत. ते उन्हात सोन्यासारखे चमकतात. आमच्या तेलात पोलादाचे मलम होते, गंजाची पूड होती. तुकडा मात्र एकही नव्हता. नुसता आवाज ऐकून ज्या पेटीला मृत ठरविले होते, तिचे दात शाबूत असल्याचा हा पहिला पुरावा होता.

वैद्य नाडी पाहतो आणि मग पुडी बांधतो. तेल बदलणाऱ्यांपैकी पुष्कळ जण नाडी न पाहताच पुडी बांधतात. जुने तेल गटारात, नवे पेटीत, आणि काम संपले! आमचे त्या दिवशीचे शिक्षण हे, की नवे तेल घालण्याआधी जुन्याची साक्ष घ्यावी. बंद पेटीत वर्षानुवर्षे काय चालले आहे, हे सांगणारा तोच एक साक्षीदार असतो आणि त्याला आपण पहिल्यांदा हाकलून देतो.

आमच्या साक्षीदाराने पाणी सांगितले. आता ते कोठून आले हे शोधायचे होते. गिअरच्या दांड्याच्या मुळाशी जे रबरी टोपण असते, ते उन्हाने तडकून अर्धे उघडे पडले होते. ट्रॅक्टर गेली काही वर्षे छपराऐवजी कडुनिंबाखाली उभा राहत होता. पावसाचे पाणी दांड्यावरून ओघळत थेट पेटीत उतरत होते. याखेरीज पेटीच्या माथ्यावर श्वास घेण्यासाठी एक लहान सच्छिद्र टोपण असते. पेटी तापली की आतली हवा फुगून त्यातून बाहेर पडते, निवली की बाहेरची हवा आत येते. पावसाळी रात्री ती ओलसर हवा पेटीच्या थंड भिंतीवर दव होऊन साचते. ते टोपण चिखलाने बुजले असेल तर आतला दाब सील ढकलून गळती सुरू करतो. आमचे तेही बुजले होते. रबरी टोपण नवे बसविले, श्वासाचे टोपण धुऊन मोकळे केले आणि छपरात ठेवलेली जुनी खोकी काढून ट्रॅक्टरला त्याची जागा परत दिली. या तिन्ही गोष्टींना मिळून एक दुपार लागली. पंधरा वर्षे आम्हाला ती दुपार मिळाली नव्हती.

नव्या तेलाच्या निवडीबद्दल दोन शब्द. बाजारात ‘नव्वद नंबर’ आणि ‘एकशे चाळीस नंबर’ या नावांनी हे तेल मिळते. नंबर घट्टपणाचा आहे, गुणवत्तेचा नव्हे. नव्वद नंबर म्हणजे इंजिनच्या चाळीस-पन्नास नंबरी तेलाहून दुप्पट घट्ट, अशी समजूत आहे. ती खरी नाही. इंजिनच्या आणि गिअरच्या तेलांचे नंबर वेगवेगळ्या मापपट्ट्यांवरचे आहेत, आणि गिअरचे नव्वद नंबरी तेल गरम असताना जवळजवळ इंजिनच्या चाळीस-पन्नास नंबरी तेलाइतकेच घट्ट असते. पेटी आवाज करते म्हणून एकशे चाळीस नंबर घालून आवाज दाबण्याची युक्ती पुष्कळ जण करतात. त्याने दुखणे बरे होत नाही, केवळ कण्हणे ऐकू येत नाही. आणि थंडीच्या सकाळी ते घट्ट तेल बेअरिंगपर्यंत पोहोचायला उशीर लावते.

डब्यावर दुसरी खूण असते ती ‘जी. एल. ४’ किंवा ‘जी. एल. ५’ अशी. पाच म्हणजे चारपेक्षा चांगले, असा हिशेब येथे लागू पडत नाही. पाचमध्ये गंधक-स्फुरदाच्या संयुगांचे प्रमाण बरेच अधिक असते, कारण ते विशेष प्रकारच्या, अतिशय घसरत फिरणाऱ्या दात्यांसाठी बनविलेले आहे. जुन्या पेट्यांत पितळी किंवा काशाच्या बुशा असतात. तेल तापले की हे अधिकचे गंधक तांब्याच्या मिश्रधातूंना खाऊ शकते. हल्लीच्या काही तेलांत त्यावर उपाय योजलेला असतो; तरीही पुस्तिकेत जी. एल. ४ लिहिले असेल तर तेच घालावे. महाग तेल घालून यंत्रावर उपकार केल्याचे समाधान मिळते, पण बुश त्या समाधानावर चालत नाही. तसेच काही ट्रॅक्टरांत मागची अवजारे उचलणारी यंत्रणा आणि तेलात बुडालेले ब्रेकही याच पेटीतल्या तेलावर चालतात. त्यांचे तेल निराळे असते. तेव्हा दुकानदाराच्या शिफारशीपेक्षा पुस्तिकेचे पान अधिक मानावे.

आमच्या पेटीत पाणी इतके मुरले होते, की एका बदलाने भागणार नव्हते. घासलेट किंवा डिझेल घालून पेटी धुण्याची रीत आहे. पण त्यावर यंत्र जोराने चालविले तर दात उघडे पडतात, आणि ते कोपऱ्यात उरले तर नव्या तेलाला पातळ करते. मिस्त्रींनी त्याऐवजी त्याच नंबराचे साधे, स्वस्त तेल घातले, अवजार न लावता ट्रॅक्टर बागेच्या वाटेवर फिरविला आणि ते कोमट असतानाच काढले. तेही दुधी निघाले, पण पुष्कळ फिके. असे दोनदा केल्यावर तिसऱ्या वेळी चांगले तेल घातले. तळाच्या बुचाला तांब्याचा नवा वायसर लावला. तेल घट्ट असल्याने ते सावकाश खाली बसते. म्हणून थोडे घालावे, थांबावे, पुन्हा घालावे. पातळी दाखविणाऱ्या बुचातून तेल ओघळू लागले की थांबावे. थोडे अधिक असलेले बरे, हा न्याय येथेही चालत नाही. अधिक तेल घुसळून फेसाळते, तापते आणि सील ओलांडून ब्रेकपर्यंत जाते. दहा मिनिटे यंत्र चालवून पातळी पुन्हा पाहावी.

तेल बदलले आणि घरघर नाहीशी झाली, असे लिहिता आले असते तर लेख गोड झाला असता. तसे झाले नाही. आवाज बराच उतरला, गिअर सहज पडू लागला. परंतु एक बारीक, सततचा घुमारा राहिला. पेटी उघडावी लागली. दात खरोखरच शाबूत होते. पण एका बेअरिंगच्या गोळ्यांवर आणि कड्यावर गंजाने बारीक खड्डे पाडले होते. त्याचा खर्च झाला, आणि तो पाण्याने केलेला, म्हणजे आमच्या हलगर्जीपणाने केलेला, खर्च होता. गंजलेल्या पोलादाला तेल पुन्हा गुळगुळीत करू शकत नाही. आणखी दोन पावसाळे गेले असते तर दातांचीही तीच गत झाली असती.

कारखाना बंद झाला, मग बेअरिंग कोठून मिळाले, असे कोणी विचारील. बेअरिंगच्या कड्यावर एक अंक कोरलेला असतो. उदाहरणार्थ ६२०८ असेल, तर शेवटच्या ०८ ला पाचाने गुणावे : आतले भोक ४० मिलिमीटर. बाहेरचा व्यास ८० आणि जाडी १८ मिलिमीटर, हे त्या अंकानेच ठरलेले असते. हे अंक साऱ्या जगात एकच आहेत. ट्रॅक्टर कोणीही केलेला असो, त्या अंकाचे कोणत्याही चांगल्या कारखान्याचे बेअरिंग त्या जागी बसते. तेलाच्या सीलवरही अशीच मापे छापलेली असतात. ‘सुटे भाग मिळत नाहीत’ असे ऐकले की आधी जुन्या भागावरचा अंक पुसून वाचावा. आमचे बेअरिंग इंदूरच्या बाजारात तासाभरात मिळाले.

शेवटची गोष्ट जुन्या तेलाची. तिन्ही खेपांचे मिळून बरेच तेल साठले होते. आपल्याकडे ते वाळवीसाठी कुंपणाच्या डांबांना फासतात, बंबात जाळतात, नाही तर बांधाच्या कडेला ओतून देतात. आमच्या बांधापासून विहीर वीस पावलांवर आहे. त्या तेलात धातूंची पूड असते, ते मातीत लवकर कुजत नाही, आणि जाळले तर त्याचा धूर घरातल्यांच्याच नाकात जातो. कायद्यानेही वापरलेले तेल हा घातक कचरा आहे आणि ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच गेले पाहिजे. आम्ही ते झाकणाच्या डब्यात भरून, असे तेल गोळा करून पुढे पाठविणाऱ्या गॅरेजमध्ये दिले. पाणी मिसळलेले तेल वेगळ्या डब्यात ठेवले आणि तसे सांगूनच दिले.

ट्रॅक्टर आज बागेत चालतो आहे. दर दिवाळीला, सुटीसाठी सारे घरी जमलेले असताना, आम्ही तळाचे बूच थोडे सैल करून वाटीभर तेल काचेच्या पेल्यात घेतो आणि उन्हात धरून पाहतो. गेल्या वेळी ते मधाच्या रंगाचे, पारदर्शक होते. आमच्या मुलीने पेला न्याहाळला, चुंबक पुसले आणि दादांच्याच वहीतले पुढचे कोरे पान उघडले. २००९ नंतरची पाने आम्ही फाडलेली नाहीत. ती कोरीच राहू दिली आहेत. वही उघडताना ती उलटावी लागतात.